समजून घेण्याचा भार कोणी वाहावा?

गेल्या रामनवमीच्या उत्सवात आमच्या हातून एक अपराध घडला. लहानशी गोष्ट म्हणून ती विसरून जावी असे प्रथम वाटले. परंतु वर्ष होत आले तरी ती मनातून जात नाही; उलट तिच्यातून एक प्रश्न वाढत गेला आहे. तो प्रश्न आपल्या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेख. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेच्या पलीकडे गेलेले नाही. तेव्हा मांडणीत उणे राहिल्यास सभासद बंधुभगिनींनी सांभाळून घ्यावे.

संध्याकाळी पालखी निघण्याची वेळ होती. प्रांगण माणसांनी भरून गेले होते आणि ढोलताशांचा आवाज टिपेला पोहोचला होता. आमच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला होता, गळ्यात शिटी होती, आणि खरे सांगावयाचे तर या दोन वस्तूंनी आमची मान जरा ताठ झाली होती. पालखीच्या वाटेवर, दोराच्या आत, नऊदहा वर्षांचा एक मुलगा उभा होता. आम्ही त्यास “बाजूला हो” म्हटले. तो हलला नाही. आम्ही शिटी वाजविली. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तो तेथेच राहिला. तिसऱ्या वेळी आम्ही ओरडलो, “ऐकू येत नाही का रे?” भोवतालची चार माणसे हसली. ती आम्हांसच हसली असे आम्हांस वाटले. आम्ही त्याचा दंड धरून ओढले. त्याने किंचाळून हात हिसडला. आणि आमचा हात त्याच्या गालावर पडला.

गर्दीतून वाट काढीत त्याची आजी आली. ती आमच्यावर रागावली नाही. “तो बोलत नाही हो,” एवढेच ती म्हणाली, “पण त्याला सगळं कळतं.” तिने पिशवीतून चित्रांची एक लहानशी वही काढली व मुलासमोर धरली. मुलाने एका चित्रावर बोट ठेवले. ते आजीचे चित्र होते. आजी दिसेना म्हणून, जेथे तिचा हात सुटला तेथेच तो थांबला होता. चुकलास तर जागेवरून हलू नकोस, असे त्यास शिकविले होते. म्हणजे आम्ही ज्यास हट्ट समजलो तो त्याचा आज्ञाधारकपणा होता. मग आजीने वहीचे एक पान उलटून ती आमच्यापुढे केली. “यात ‘माझं चुकलं’ असंही चित्र आहे. तुम्ही ठेवा ना बोट त्यावर. त्याला बरं वाटेल.” माणसे पाहत होती. आम्ही “असू दे, असू दे, पालखी येतेय” असे काहीतरी पुटपुटलो व शिटी वाजवीत पुढे गेलो. बोट ठेवले नाही.

प्रश्न उद्भवला तो येथे. दोन माणसे परस्परांस समजत नाहीत तेव्हा समजून घेण्याचा भार कोणी वाहावा? ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने, की ज्याच्यावर तो चालवावयाचा त्याने? व्यवहारातील उत्तर आपणांस पाठ आहे. रडल्याशिवाय आईही दूध पाजीत नाही, असे आपण म्हणतो. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असेही म्हणतो. ज्यास काही हवे असेल त्याने सांगावे, ज्यास हुकूम मिळाला असेल त्याने तो समजून घ्यावा, असा या म्हणींचा अर्थ आपण घेतो. आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे. ते चूक का, हे पाहण्यासाठी एका स्वयंसेवकाच्या बिल्ल्यापेक्षा फार मोठ्या अधिकाराकडे, म्हणजे दंग्याच्या वेळी पोलिसांचे व फौजेचे नेतृत्व करणाऱ्याकडे पाहावे लागेल.

बेकायदा जमाव पांगविण्याविषयी आपल्या देशात जो कायदा आहे तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात आहे. त्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख अधिकारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या दर्जाहून खालचा नव्हे असा अधिकारी, जमावास पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. हुकूम देऊनही जमाव पांगला नाही, अथवा आपण पांगणार नाही हा निर्धार त्याने वर्तनानेच दाखविला, तर पुढे बळाचा वापर. म्हणजे आधी शब्द, मग लाठी. शब्दाचा हा मान कायद्याने राखिला आहे.

परंतु शब्द उच्चारला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही. इंग्लंडात १७१५ पासून अमलात आलेल्या दंगाविषयक कायद्यानुसार दंडाधिकाऱ्याने जमावासमोर एक ठराविक मजकूर वाचावयाचा आणि मग लोकांस पांगण्यासाठी एक तास द्यावयाचा, असा नियम होता. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टर शहरातील सेंट पीटर मैदानावर संसदेत प्रतिनिधित्व मागण्यासाठी सुमारे साठ हजार लोक जमले होते. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. दंडाधिकाऱ्यांचे म्हणणे असे की तो मजकूर एका घराच्या खिडकीतून वाचण्यात आला. सभेस आलेल्यांचे म्हणणे असे की आम्ही तो ऐकलाच नाही. साठ हजारांच्या सभेत एका खिडकीतून वाचलेले कोणास ऐकू जाणार? तलवारी उपसून घोडेस्वार गर्दीत शिरले. पंधराहून अधिक माणसे प्राणांस मुकली व शेकडो जखमी झाली. मजकूर वाचला गेला असेलही. पण तो लोकांसाठी वाचला गेला नाही. पुढे विचारणा झाली तर सांगता यावे म्हणून वाचला गेला. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचविण्याची तळमळ ज्या हुकुमात नाही त्यास आम्ही हुकूम म्हणणार नाही. तो केवळ बळाच्या वापरास शोधलेला आधार होय. आमच्या शिटीचीही योग्यता त्याहून अधिक नव्हती.

हा शब्दसुद्धा जेथे उच्चारला गेला नाही, असे स्थळ आपल्या देशात आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने आपले शिपाई आत नेले आणि कसलीही सूचना न देता गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. खरी संख्या याहून बरीच मोठी, असे अनेकांनी मानिले आहे. पुढे हंटर समितीसमोर साक्ष देताना डायरने जे कबूल केले ते आम्हांस त्या आकड्यांइतकेच भयंकर वाटते. गोळीबार न करताही कदाचित लोकांस पांगविता आले असते, परंतु ते परत आले असते आणि आपल्यास हसले असते, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते.

हसले असते! अधिकाऱ्याच्या मनातील हे भय किती क्षुद्र, आणि त्याचे मोल इतरांस किती द्यावे लागते! एका चापटीची त्या हत्याकांडाशी आम्ही तुलना करीत आहो असे कोणी समजू नये. तसे करणे मेलेल्यांचा अपमान होईल. आमचे म्हणणे एवढेच की भोवतालची चार माणसे हसली तेव्हा आमचा हात ज्यामुळे उठला त्या विकाराचे नाव आम्हांस त्या साक्षीत सापडले. आपली पत जाईल या भयाने समोरच्याचे ऐकणे थांबते. ज्याच्याजवळ बिल्ला आहे त्याचे नुकसान बिल्ल्यापुरते होते. ज्याच्याजवळ बंदुका आहेत त्याच्या हातून बाग भरून प्रेते पडतात.

कायद्यात जे दुसरे वाक्य आहे, जमावाने निर्धार ‘वर्तनाने’ दाखविला तर, ते तर याहून अवघड आहे. वर्तनाचा अर्थ लावणारा कोण? तोच अधिकारी. त्याने अर्थ चुकीचा लावला तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडातील शेफील्ड शहरी हिल्सबरो येथे १५ एप्रिल १९८९ रोजी घडले. तेथे दंगा नव्हता. फुटबॉलचा सामना होता. त्या काळात तेथील प्रेक्षकांच्या दंगेखोरपणाची मोठी धास्ती होती. म्हणून उभ्याने सामना पाहणाऱ्यांसाठी लोखंडी कुंपणांचे कोंडवाडे केलेले होते. दाराबाहेर गर्दी फार झाली तेव्हा पोलिसांच्या प्रमुख अधिकाऱ्याने बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडण्याचा हुकूम दिला. सुमारे दोन हजार माणसे आत आली. परंतु मधल्या कोंडवाड्यांकडे नेणारा बोगदा बंद करण्याचा हुकूम कोणी दिला नाही, आणि ते कोंडवाडे आधीच भरून गेले होते. पुढची माणसे कुंपणाच्या जाळीवर चेपली जाऊ लागली.

त्या माणसांस मागे जाता येत नव्हते, म्हणून काही कुंपणावर चढू लागली, काही जाळीतून ओरडू लागली. मैदानावर घुसून सामना बंद पाडण्याचा हा प्रयत्न आहे, असा अर्थ पोलिसांनी प्रथम लाविला. श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसांची हाक समोर उभ्या असलेल्यांस दंग्याची आरोळी वाटली. पोलिसांचे डोळे व कान शाबूत होते. पण गर्दी म्हणजे दंगा, हा अर्थ आधीच ठरला होता, म्हणून पाहूनही दिसले नाही. ९७ माणसे मृत्यू पावली. त्यांतले शेवटचे, त्या दिवशीच्या इजांनी अपंग झालेले, २०२१ साली वारले. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

आणि मग खोटे बोलणे झाले. दरवाजा प्रेक्षकांनी जबरदस्तीने उघडला, असे त्याच दुपारी सांगण्यात आले. वास्तविक तो पोलिसांच्याच हुकुमाने उघडला होता. पुढे कित्येक पोलिसांच्या जबान्यांतील अडचणीचा मजकूर बदलण्यात आला, हे २०१२ साली एका स्वतंत्र मंडळाने उघडकीस आणिले. २०१६ साली ज्युरीने ते मृत्यू बेकायदा ठरविले आणि प्रेक्षकांकडे कोणताही दोष नाही असा निर्णय दिला. प्रमुख अधिकाऱ्यास २०१९ साली फौजदारी खटल्यात निर्दोष ठरविण्यात आले. त्याविषयी आम्ही अधिक बोलणार नाही. परंतु दरवाजाविषयी आपण खोटे बोललो हे त्याने २०१५ साली स्वतः शपथेवर मान्य केले होते. ‘माझे चुकले’ या चित्रावर बोट ठेवण्यास सव्वीस वर्षे लागली. तोवर मेलेल्यांच्या आईबापांस आपली मुले दंगेखोर होती, हे ऐकावे लागले.

आता याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले पाहू. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे १९७० व १९८४ साली हिंदु-मुसलमानांचे मोठे दंगे झाले होते. पुढे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी दंगा कसा मोडावा याचा विचार करण्याऐवजी, दंगा नसतो त्या दिवसांत पोलीस काय करतात, याचा विचार केला. वस्तीवस्तीतून मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे त्यांत घेतली. आणि पोलिसांनी त्यांच्याबरोबर नियमाने बसावे असा शिरस्ता घातला. त्या बैठकींत बोलणे मोठमोठ्या तत्त्वांचे नसे. नेहमीची भांडणे, अफवा, गाऱ्हाणी हेच विषय. परंतु त्यामुळे पोलिसास वस्तीतील माणूस नावाने ठाऊक झाला आणि वस्तीस पोलिसाचा चेहरा ठाऊक झाला. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारीत जे दंगे झाले त्यांत सुमारे ९०० माणसे मेली. मुंबईपासून जेमतेम काही कोसांवरची भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नाचे शीर्षक देऊन मराठीत पुस्तक लिहिले, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दगड उडत असताना, दुकाने पेटत असताना अधिकाऱ्याने काय चर्चा करीत बसावे? बळ वापरण्यास कचरणारा अधिकारी दुर्बळाचा घात करतो, हेही खरेच आहे. ज्याचे घर जळते आहे त्यास पोलिसांच्या सौजन्याचा काय उपयोग? हे आम्हांस मान्य आहे. आम्ही बळाच्या विरुद्ध बोलत नाही. बळ केव्हा, कोणावर आणि किती, हे ठरविण्यास ज्ञान लागते; आणि ते ज्ञान ऐकल्यावाचून येत नाही. गर्दीत चार दगड मारणारे आणि चारशे घाबरलेले असतात. ज्याने आधी ऐकले आहे त्यास ते वेगळे दिसतात. ज्याने ऐकले नाही त्यास सारे एकच दिसतात, आणि लाठी घाबरलेल्याच्या पाठीवर प्रथम पडते, कारण दगड मारणारा पळण्यात तरबेज असतो. स्वीडनमध्ये २००१ साली गोथेनबर्ग येथे युरोपीय परिषदेच्या वेळी मोठा दंगा झाला व पोलिसांनी गोळ्याही झाडल्या. त्यानंतर तेथील पोलिसांनी केवळ आंदोलकांशी बोलण्यासाठी निराळे अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केली. बोलणारे आले म्हणून बळ वापरणारे रजेवर गेले नाहीत. त्यांस कोठे पाहावयाचे हे कळू लागले, एवढेच.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे : ज्याची चूक दुसऱ्यास महाग पडते, समजून घेण्याचा भार त्याने वाहावा. जमावाने अधिकाऱ्यास चुकीचे समजून घेतले तर अधिकाऱ्याचा पाणउतारा होतो. अधिकाऱ्याने जमावास चुकीचे समजून घेतले तर माणसे मरतात. ओझे वाटून घ्यावयाचे तर ज्याचे खांदे रुंद त्याने अधिक घ्यावे, हा न्याय पालखीस लागू आहे. तो येथेही लागू असावा.

उरलेले अर्धे उत्तर त्या चित्रांच्या वहीने दिले. ती वही आली कोठून, याचा शोध घेता आम्हांस एक विलक्षण कथा कळली. चार्ल्स ब्लिस नावाचे एक ज्यू गृहस्थ १८९७ साली पूर्व युरोपातील चेर्नोव्हित्स या गावी जन्मले. त्या गावात अनेक भाषा बोलणारे अनेक लोक राहत व परस्परांचा द्वेष करीत. ब्लिस शिक्षणाने रासायनिक अभियंता. १९३८ साली नाझींनी त्यांस डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत टाकिले. तेथून सुटून ते शांघायला पोहोचले. तेथे चिनी चित्राक्षरे पाहून, भाषा निराळ्या असल्या तरी डोळ्यांस एकच अर्थ सांगणारी चिन्हे करता येतील असे त्यांच्या मनाने घेतले. शब्दांच्या जोरावर जमाव कसे पेटविले जातात हे त्यांनी पाहिले होते. सर्व राष्ट्रांस समजेल अशी चित्रलिपी असली तर माणसे एकमेकांस फसविणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. राष्ट्रांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

परंतु १९७१ साली कॅनडातील टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन नावाच्या शिक्षिकेस तो ग्रंथ सापडला. तिच्या शाळेत सेरेब्रल पाल्सी झालेली मुले होती. मेंदूस इजा झाल्याने त्यांचे स्नायू ताब्यात नव्हते व वाचा फुटत नव्हती. तिने ती चिन्हे एका पाटीवर मांडली आणि मुले बोटाने, मुठीने, नजरेने त्यांवर खुणा करून बोलू लागली. ज्यांस बुद्धी नाही असे समजले जात होते ती मुले विनोद करू लागली, तक्रारी करू लागली. जगातील भांडणे मिटविण्यासाठी केलेली लिपी अखेर मुक्या मुलांच्या उपयोगास आली. या कथेचा एक कडू भागही सांगितला पाहिजे. शिक्षकांनी मुलांच्या सोयीसाठी चिन्हांत फेरफार केले तेव्हा ब्लिस संतापले आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. ऐकण्याचे साधन ज्याने निर्माण केले त्यासही ऐकणे जड गेले. यावरून आम्ही कोणी स्वतःस सुरक्षित समजू नये.

आज अशी चित्रे निरनिराळ्या पद्धतींची आहेत. मोबाईलवर बोटाने चित्र दाबताच बोलणारी साधनेही आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ नावाचे असे एक साधन मराठीतूनही बोलते. आणि गेल्या काही वर्षांत अनेक देशांतील बागांत, मुलांच्या खेळण्याच्या जागी, मोठे चित्रफलक उभारले जाऊ लागले आहेत. मुलाच्या उंचीला येईल असा फलक, त्यावर घरे पाडून चित्रे, प्रत्येक चित्राखाली शब्द : मी, तू, हवे, नको, पुन्हा, थांब, मदत, झोपाळा, घसरगुंडी, पाणी, दुखते, घरी. स्वमग्न असलेले, सेरेब्रल पाल्सीचे, कानांनी अधू, अथवा अन्य कारणाने न बोलणारे मूल त्यावर बोट ठेवून ‘पुन्हा झोपाळा’ म्हणू शकते. फलक लावला की मूल लगेच बोलू लागते असे मात्र नव्हे. मोठ्यांनी व इतर मुलांनीही बोलताना फलकावर बोट ठेवावे लागते. तान्हे मूल जसे कानांवर पडून भाषा शिकते तसे हे मूल डोळ्यांसमोर घडताना पाहून शिकते. चित्रांची सवय लागली तर मुलाची वाचा कायमची बंद पडेल, हे अनेक आईबापांचे भय निराधार आहे. अशा साधनांनी बोलण्यास अडथळा येत नाही, उलट काही मुलांस साहाय्यच होते, असे या विषयातील अभ्यासकांस आढळले आहे.

कोणी म्हणेल, अशी मुले असतात किती? त्यांच्याजवळ स्वतःची वही असावी; सार्वजनिक बागेत फलक कशास? २०११ च्या जनगणनेत वाचेचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे वीस लक्ष भरली होती, हे एक उत्तर. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच अशा पर्यायी साधनांचा समावेश केला आहे, हे दुसरे. पण आम्हांस तिसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. वही मुलाजवळ असते तेव्हा बोलण्याचा भार एकट्या मुलावर असतो. ती घरी विसरली, पावसात भिजली, कोणी हिसकावली, की मूल पुन्हा मुके. फलक बागेत असतो तेव्हा तो गावाने आपल्या शिरावर घेतलेला भार असतो. तो बोलणाऱ्या मुलांसही रोज दिसतो. झोपाळ्यावर बसलेली मुलगी आपणहून खाली उतरून ‘आता तू’ या चित्रांवर बोट ठेवते, तेव्हा तिने जे शिकावयाचे ते ती शिकली. पुढे तिच्या छातीवर बिल्ला लागला किंवा खांद्यावर तारे लागले, तर न हलणाऱ्या मुलास ती निदान एकदा निराळ्या रीतीने विचारील.

आमच्या बडोद्यास ही रीत परकी नाही. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ज्यास शिकावयाचे असेल तो येईल, असे म्हणून ते थांबले नाहीत. १८७९ ची सयाजीबाग आजही सर्वांची आहे. शिवाय आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरी व गुजराती रस्त्यावर बोलत आलो. चित्राखाली दोन्ही भाषांतील शब्द लिहिता येतात आणि चित्र दोहोंकडे सारखेच पाहते.

देवळाची घंटा उंच टांगलेली असते. लहान मुलाचा हात तेथवर पोहोचत नाही. तेव्हा बाप त्यास उचलून घेतो आणि मूल घंटा वाजविते. लहानपणापासून आम्ही हे रोज पाहत आलो आहो. घंटा वाजविता येत नसेल तर दर्शनास येऊ नकोस, असे कोणी मुलास म्हटलेले आम्ही ऐकले नाही. ज्याचा हात पोहोचतो त्याने उचलावयाचे, हे येथे सांगावे लागत नाही. हाच न्याय बागेत, पोलीस चौकीत आणि रस्त्यावरच्या जमावापुढे लावावा, यापलीकडे आमचे काही म्हणणे नाही.

ती आजी त्या दिवसानंतर दर्शनास एकटीच येते. परवा धीर करून आम्ही तिला मुलाविषयी विचारले. “त्याला इथली गर्दी नको वाटते आता,” ती म्हणाली. “संध्याकाळी बागेत नेते मी त्याला.” तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

आमची व्यवस्थापक मंडळींस व सभासद कुटुंबांस विनंती दोन गोष्टींची आहे. उत्सवाच्या आधी स्वयंसेवकांस शिटी देताना, जो ऐकत नाही तो कदाचित ऐकू किंवा सांगू शकत नसेल, हेही सांगितले जावे. आणि जवळच्या बागेत एक चित्रफलक उभारण्यासाठी आपण सर्वांनी मिळून महानगरपालिकेकडे अर्ज करावा. खर्चाचा काही वाटा उचलावयाचा झाल्यास आमच्या अल्प कमाईतून आमचा पहिला. त्या फलकावर झोपाळा असावा, घसरगुंडी असावी, पाणी असावे. आणि ‘माझे चुकले’ हे चित्र विसरू नये. त्यावर कोणाच्या तरी समोर बोट ठेवावयाचे आमचे राहून गेले आहे.